कानाच्या पडद्यामागचे पाणी

आमच्या घरात हळू कोणी बोलत नाही. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभे आयुष्य लूमच्या खात्यात काढले. सुरतेत यंत्रमागांच्या कारखान्याला खातेच म्हणतात. तिथे ओळीने मांडलेले माग एकाच वेळी धडधडत असतात. शेजारच्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले तरी शब्द पोचेल याची खात्री नसते, म्हणून कारीगर हातांनी बोलतात. अंगठा ओठाकडे नेला की पाणी हवे. दोन बोटे कात्रीसारखी हलवली की धाग्याची तार तुटली. तळहात डोक्यावर आडवा धरला की शेठ येतो आहे, बिडी विझवा. माझा भाऊ त्याच खात्यात लागला तेव्हा ही भाषा त्याला शिकवावी लागली नाही, कारण ती आमच्या घरी आधीपासून बोलली जात होती. जेवायला ये, दार लाव, पंखा कमी कर, हे आम्ही हातांनी सांगतो आणि उरलेले ओरडून. नव्या पाहुण्याला भांडण चालू आहे असे वाटते. सुरतेच्या भेस्तान भागातल्या आमच्या इमारतीत बहुतेक बिऱ्हाडे खानदेशातून आलेल्या कारीगरांची आहेत, त्यामुळे आमच्यात काही वेगळे आहे असे कधी कोणाला वाटले नाही.

याच घरात माझी भाची, भावाची मुलगी, अडीच वर्षांची झाली. तिला मोजके चार-सहा शब्द येत होते आणि तेही अर्धवट. एवढी मोठी गोष्ट इतका काळ आमच्या नजरेतून कशी सुटली, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आणि उत्तर अगदी साधे निघाले. आम्ही तिला बोलावताना हात हलवायचो, आणि ती यायची. भूक लागली का, हे पोटावर हात ठेवून विचारायचो, आणि ती मान डोलवायची. सांगितलेले काम करते ते मूल ऐकते, असे आम्ही गृहीत धरले होते. वास्तविक ती ऐकत नव्हती, बघत होती.

काळजी करणाऱ्या फक्त वहिनी होत्या. त्या घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवण्याचे काम करतात. पोरगी त्यांच्या पुढ्यात, दुधाची बाटली तोंडात घेऊन, साड्यांच्या गठ्ठ्याला टेकून पडलेली असायची. शेजारची त्याच वयाची मुले अहिराणी, गुजराती आणि हिंदी यांची खिचडी करून दिवसभर बोलायची आणि ही गप्प. आईला मात्र त्यात विशेष वाटत नव्हते.

"तुना नवरा बी तीन वरीसना व्हयना तव्हय बोलना," आई सुनेला म्हणायची. "आते गप बसस का तो?"

भाऊ तिथेच बसलेला असायचा. तो हाताने आईला गप्प बसायची खूण करायचा, आणि त्यावर सगळे हसायचे. वहिनीही हसायच्या, पण त्यांचे लक्ष मुलीकडे असायचे.

मुलीचे कान दुखणे ही त्या वर्षातली नित्याची बाब होती. सर्दी झाली की दोन दिवसांनी ती कान ओढू लागायची, ताप यायचा, आणि वहिनी फ्रिजच्या दारातली गुलाबी औषधाची बाटली काढायच्या. ते प्रतिजैविक होते. एकदा एका डॉक्टरांनी लिहून दिलेले, पुढे कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणलेले. दोन-तीन दिवसांत ताप उतरला की बाटली पुन्हा फ्रिजमध्ये जायची, पुढच्या वेळेसाठी. मधल्या काळात वरच्या मजल्यावरच्या बाळाला खोकला झाला तर ती वरही जाऊन यायची. आमच्या इमारतीत औषधाची बाटली वाटीभर साखरेसारखी घराघरांतून फिरते, आणि देणाऱ्याच्या मनात चांगुलपणाशिवाय काही नसते.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहे. जिवाणू औषधांना दाद का देईनासे होतात, याच विषयावर माझे पीएच.डी.चे काम चालू आहे. माझा बहुतेक दिवस प्रयोगशाळेत जातो. प्रयोगशाळेतून बाहेर पडून वस्त्यांमध्ये हा विषय समजावून सांगायचा एक उपक्रम निघाला, तेव्हा मी भेस्तान मागून घेतले. अंगणवाडीच्या खोलीत पंधरा-वीस आया जमल्या. काही जणींनी साड्यांचे धागे कापायचे काम सोबत आणले होते. कात्र्या चालू होत्या, कान माझ्याकडे होते. वहिनीही मुलीला कडेवर घेऊन मागे बसल्या होत्या.

मी तयारी चोख केली होती. विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत. सर्दी बहुतेक वेळा विषाणूंची असते. कानाचे दुखणे सर्दीच्या मागोमाग येते, आणि त्यातले पुष्कळसे, विशेषतः दोन वर्षांवरच्या मुलांत, एकाच कानात आणि सौम्य असेल तर, दुखणे कमी करणाऱ्या औषधावर दोन-तीन दिवसांत आपोआप बरे होते. गरज नसताना दिलेले किंवा मधेच सोडलेले प्रतिजैविक जिवाणूंना टिकून राहायला शिकवते; त्याचे एक छायाचित्रही मी दाखवले, बशीत औषधाच्या गोळीला चिकटून वाढलेल्या जिवाणूंचे. इथवर आले तोच पुढे बसलेल्या एका बाईने कात्री थांबवली.

"ताई, ते जंतू इतला हुशार शेतस तर त्यासले खातामा कामले लावा ना! कारीगर मिळी नही ऱ्हायनात."

खोली हसली. दुसरी म्हणाली, "माझ्या नवऱ्याला अर्धी गोळी दिली तरी तो सुधारत नाही, आणि हे म्हणे शिकतात!"

मीही हसले. विषय पोचतो आहे असे मला वाटले. शेवटी मी विचारले, कोणाला काही विचारायचे आहे का. बऱ्याच जणींनी विचारले: कानात लसणीचे तेल गरम करून घालावे का (नाही), थंड पाण्याने आंघोळ घातली तर कान दुखतो का (नाही), मेडिकलवाल्याने दिले तरी घेऊ नये का (चिठ्ठी नसेल तर घेऊ नये). वहिनींनी काही विचारले नाही. बायका गेल्यावर मी चटया गुंडाळत होते, तेव्हा त्या जवळ आल्या. माझ्याशी त्या नेहमी शाळेत शिकलेल्या मराठीत बोलतात, जणू मी घरातली नसून परीक्षक आहे.

"ताई, मी ते गुलाबी औषध हिला खूप वेळा दिलं. अर्धं दिलं, सोडलं, परत दिलं. त्याच्यामुळे हिची वाचा गेली असेल का?"

मी लगेच नाही म्हणाले, आणि ते खरेच होते. त्या औषधाने वाचा जात नाही. पण मग हिची वाचा कशाने अडली, हा त्यांच्या प्रश्नातला दुसरा भाग मला आधी सुचला नव्हता, तो तिथे सुचला. वाचा आणि कान यांचा संबंध मला पुस्तकातून पाठ होता. मुलीकडे मी त्या नजरेने कधी बघितलेच नव्हते.

त्याच रविवारी दुपारी मी एक सोपी गोष्ट करून पाहिली. मुलगी जमिनीवर बसून खात्यातल्या, सूत संपलेल्या रिकाम्या बॉबिन एकावर एक रचत होती. तिचे तोंड भिंतीकडे होते. मी तिच्या मागे उभी राहिले, हात मागे बांधले आणि साध्या आवाजात म्हणाले, "बिस्कीट." बिस्किटासाठी ती कुठूनही धावत येते. ती वळली नाही. मी आवाज वाढवला. ती वळली नाही. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी स्वयंपाकघरातून स्टीलचे ताट आणून फरशीवर आपटले, तेव्हा कुठे मुलीने मान वळवली, आणि आम्हा दोघींकडे पाहून हसली.

वहिनी ताट उचलायला वाकल्या आणि तशाच बसल्या. "ही बहिरी आहे का?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "उद्या दाखवू."

शहराच्या दुसऱ्या टोकाला, कतारगामला, एक कान-नाक-घशाच्या डॉक्टर आहेत, माझ्या मैत्रिणीने सुचवलेल्या. त्या वयाने माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. गुजराती आणि हिंदी मिसळून त्या अतिशय स्पष्ट बोलल्या, आणि मला आवडले ते हे की त्या माझ्याशी नाही, वहिनींशी बोलल्या. मुलगी खेळण्यातल्या बदकाकडे बघत असताना त्यांनी दुर्बिणीतून दोन्ही कान पाहिले. मग एका छोट्या यंत्राचे रबरी टोक कानात बसवले. हे यंत्र हवेचा हलका दाब देते. कानाचा पडदा नीट हलला तर कागदावर डोंगरासारखी रेघ उमटते. दोन्ही कानांची रेघ सपाट आली.

"पडद्याच्या मागे पाणी साठलं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ढोलात पाणी भरलं तर तो वाजेल का? तसंच. आत्ता संसर्ग नाही, ताप नाही, दुखत नाही. पण पूर्वीच्या दुखण्यातून हे पाणी राहून गेलं आहे. तिला जग पाण्याखालून ऐकू येतं."

"औषध?" वहिनींनी विचारले.

"या पाण्यासाठी प्रतिजैविक उपयोगाचं नाही. सर्दीच्या गोळ्याही नाहीत. बहुतेक मुलांत ते आपोआप ओसरतं. तीन महिने थांबायचं, मग परत तपासायचं. नाही गेलं तर पडद्यात एक बारीक नळी बसवतात, छोटंसं ऑपरेशन असतं."

"आणि गेल्यावर ऐकू येईल?"

"बहुतेक येईल. पाण्यामागे आणखी काही नाही ना, नस ठीक आहे ना, हे मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. ही लहानपणी बडबड करायची ना?"

"सात-आठ महिन्यांची होती तेव्हा दिवसभर बाबाबाबा करायची."

"मग मला फारशी भीती वाटत नाही. पण पाणी गेलं की पक्की तपासणी करू."

त्यांनी पुढच्या सूचना एकेक करून दिल्या. तिच्याशी समोर बसून, चेहरा दिसेल असे, हळू आणि स्पष्ट बोलायचे. खूण करायची तर तिच्यासोबत शब्दही म्हणायचा. आडवे निजवून बाटलीने दूध पाजायचे नाही. खरे तर या वयात बाटलीच नको, पेल्याने द्या. घरात बिडीचा धूर नको. कानात तेल नको, काडी नको. पुन्हा कान दुखला तर वजनाच्या हिशेबाने पॅरासिटॅमॉल द्या आणि वाट बघा. ताप फार चढला, कान वाहू लागला, कानामागे सूज आली किंवा मूल निस्तेज पडले तर त्याच दिवशी घेऊन या.

घरी आल्यावर आबांनी सगळे ऐकून घेतले आणि बिडीचे बंडल उचलून गॅलरीत ठेवले. तेवढ्यावर भागणार नव्हते. मी त्यांना जिन्याकडे बोट दाखवले. त्यांनी कपाळावर हात मारला, पण गेले. आई मात्र तेल बंद झाल्याने नाराज होती. "आपला पोरं काय मरनात का तेलवरी?" असे तिने दोनदा विचारले, आणि उत्तर मिळाले नाही म्हणून लसणीच्या तेलाची बाटली आपल्या गुडघ्यांसाठी घेऊन गेली.

खरी अडचण थांबण्याची होती. प्रयोगशाळेत मी थांबण्याला सरावलेली आहे; बशीत जिवाणू वाढेपर्यंत दुसरे काम करते. वहिनींना दुसरे काम नव्हते. म्हणजे होते, टिकल्यांचे, पण त्या कामात मन गुंतवावे लागत नाही आणि मोकळे मन दिवसभर त्या मुलीभोवती फिरायचे. त्यांनी डॉक्टरांच्या सूचना तंतोतंत पाळल्या. साडी बाजूला ठेवून मुलीसमोर मांडी घालून बसायच्या आणि म्हणायच्या, "वाटी. बघ. वाटी." घरातल्या सगळ्यांना त्यांनी तेच करायला लावले. भाऊ खात्यातून दमून यायचा आणि हात वर करताच वहिनी डोळे वटारायच्या, मग तो हात खाली घेऊन म्हणायचा, "पाणी दे, बेटा. पाणी." मुलगी त्याच्या ओठांकडे बघायची.

तिसऱ्या आठवड्यात तिला सर्दी झाली आणि दुपारी ती कान धरून रडू लागली. ताप फारसा नव्हता. मी घरीच होते. आबा रात्रपाळी करून आले होते, त्यांना तिचे रडणे सहन होईना.

"देई टाक ना ती गुलाबी दवा. पोर रडी ऱ्हायनी, दिसत नही का?"

वहिनींनी फ्रिजचे दार उघडले. मी काही बोलले नाही. बोलणे माझे काम नव्हते असे नव्हे, पण त्या क्षणी माझे बोलणे त्यांना हुकूम वाटले असते आणि मला तसे नको होते. त्यांनी बाटली काढली, उजेडात धरली. तळाशी औषधाचा साका बसला होता. कधी पाणी घालून बनवले होते, कोणालाच आठवत नव्हते.

"आबा," त्या म्हणाल्या, "हे बेसिनमध्ये ओतते. तुम्ही हिला मांडीवर घ्या."

त्यांनी बाटली ओतली, पॅरासिटॅमॉल मोजून दिले आणि कोमट कापड तिच्या कानाला लावले. आबांनी तिला मांडीवर घेऊन पाय हलवायला सुरुवात केली. ती रडत रडत झोपली. दुसऱ्या दिवशी ताप नव्हता, तिसऱ्या दिवशी ती बॉबिन रचत होती. वहिनींनी मला विचारलेही नाही, की आता काय करू. त्यांनी नुसते सांगितले, "उतरला." मी त्या दिवशी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत माझ्या मार्गदर्शकांना सांगायचे वाक्य तयार केले होते: थांबणे लोकांना शिकवता येते. ते वाक्य मला फार आवडले होते.

महिनाभराने ते वाक्य अपुरे ठरले. मुलीला पुन्हा ताप आला, आणि या वेळी तो चढत गेला. दोन्ही कान दुखत होते आणि सकाळी उशीवर पिवळा डाग दिसला. कान वाहत होता. वहिनी तिला घेऊन एकट्याच कतारगामला गेल्या. डॉक्टरांनी तपासले आणि प्रतिजैविक लिहून दिले: रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापात, पूर्ण मुदतीचे. वहिनींनी औषध आणले. आणि दिले नाही.

दुपारी मी फोन केला तेव्हा हे मला कळले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे औषधाच्या पुडीची बाटली बंद होती, शेजारी तिच्यात मिसळायचे उकळून गार केलेले पाणी झाकून ठेवलेले.

"वहिनी, ते मिसळलं का नाही अजून?"

"तुम्हीच म्हणालात ना, थांबायचं."

"ते तेव्हा. आता कान वाहतोय, ताप आहे, दोन्ही बाजूंना आहे. डॉक्टरांनी बघून दिलंय."

"मागच्या वेळी पण रडत होती. थांबले, तर बरी झाली." त्या म्हणाल्या. "मी इतकं दिलं आधी, ताई. आता परत दिलं आणि हिच्यावर पुढे काही चाललंच नाही तर? तुम्हीच दाखवलं होतं ते, बशीतलं. जंतू औषधाच्या गोळीला चिकटून वाढलेले."

मी ते छायाचित्र दाखवले होते. अंगणवाडीत सर्वाधिक परिणाम त्याचाच झाला होता. मी भीती चोख शिकवली होती आणि निवड शिकवायला वेळ दिला नव्हता. औषध नको असते तेव्हा देऊ नये, हे अर्धे. हवे असते तेव्हा वेळेवर आणि शेवटपर्यंत द्यावे, हे उरलेले अर्धे. हे विश्लेषण मी नंतर केले. त्या वेळी मी फक्त अंगावरचा प्रयोगशाळेचा कोट काढला आणि निघाले.

घरी पोचले तेव्हा मुलगी वहिनींच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. मी त्यांच्यासमोर बसले. एरवी मी खूप वेगाने बोलते. त्या दिवशी एकेक वाक्य करून बोलले.

"वहिनी, मागच्या वेळी तिच्या अंगाने ते पेललं. या वेळी ते पेलवत नाहीये, हे तुम्हालाच दिसलं, म्हणून तर तुम्ही घेऊन गेलात. थांबायचं की नाही ते ठरवण्याच्या खुणा तुम्हाला माहीत होत्या. त्या खुणांनीच आज औषध सांगितलं आहे."

"आणि नाही चाललं तर?"

"तर डॉक्टर दुसरं देतील. पण आज न देणं हे थांबणं नाही. पूर्ण दिलं तर बहुतेक चालतं. मी सोबत आहे."

त्यांनी झाकलेले पाणी जवळ ओढले. मग मुलीला माझ्याकडे दिले, हात धुतले, बाटलीवर आधी बोटाने टिचक्या मारून पूड मोकळी केली आणि खुणेपर्यंत पाणी घालून हलवू लागल्या. मुलीने पहिला घोट थुंकला. दुसरा गिळला. आई दारातून बघत होती, ती आत आली आणि सुनेच्या हातातला चमचा घेऊन म्हणाली, "चमचाले काय माप शे? ती पिचकारी देतस ना संगे, ती ले." पिचकारी खोक्यातच होती. आम्ही दोघींनी ती पाहिलीच नव्हती. पुढचे सगळे डोस पिचकारीने झाले.

दोन दिवसांत ताप उतरला. चौथ्या दिवशी मुलगी खेळू लागली, आणि एरवी हाच दिवस बाटली फ्रिजमध्ये जाण्याचा. वरच्या मजल्यावरची बाळाची आई त्याच सुमारास खाली आली. बाळाला सर्दी झाली होती, थोडेसे मिळेल का. वहिनींनी तिला आत बसवले, चहा दिला आणि काय काय सांगितले ते मी शेजारच्या खोलीतून ऐकले. बाळ किती महिन्यांचे, ताप आहे का, दूध पिते का, श्वास जोरात घेते का. बाळ सहा महिन्यांच्या आतले होते. "मग वाट नको बघू, आजच दाखव, चल, मी येते." दोघी गेल्या. औषध मात्र मिळाले नाही. त्यावरून इमारतीत दोन दिवस कुजबुज झाली, की नणंदेच्या शिक्षणाचा वारा वहिनीला लागला. वहिनींनी ती कुजबुज आनंदाने पसरू दिली. मुदत संपेपर्यंत औषध दिले गेले, आणि तळाशी उरलेले बेसिनमध्ये ओतले.

नवरात्रात आमच्या गल्लीत गरब्याचे स्पीकर लागले. पहिल्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, आवाज तपासायला कोणीतरी माईकवर फुंकर मारली आणि मुलगी दचकून वहिनींच्या साडीत शिरली. वहिनी तिला तसेच धरून उभ्या राहिल्या. मला हाक मारायचे त्यांना सुचले नाही. भावाने मला बोलावून आणले. "परत फुंका!" तो स्पीकरवाल्याला ओरडून सांगत होता, आणि किती वेळा फुंकायचे हे न कळून तो बिचारा म्हणत होता, "अरे भाई, केटली वार फूंकुं?"

आशा वाटू लागली की मोजमापाची घाई होते. मी ती रोखली; फेरतपासणीची तारीख दिवाळीच्या अलीकडची होती आणि ती तिथेच राहू दिली. मधल्या दिवसांत मुलगी काही शब्द बोलू लागली, पण ते ओठ बघून बोलते की ऐकून, हे मला ठरवता येत नव्हते, आणि वहिनींनी मला घरी पुन्हा परीक्षा घेऊ दिली नाही. "डॉक्टरांकडेच," त्या म्हणाल्या. एका अर्थी त्यांचे बरोबर होते. निकाल वाईट लागला असता तर तो आम्हाला स्वयंपाकघरात नको होता.

कतारगामला त्या दिवशी आम्ही तिघीच गेलो. दुर्बीण, मग रबरी टोक. पहिल्या कानाची रेघ वर चढली आणि खाली उतरली. दुसऱ्या कानाचा डोंगर जरा बुटका होता, पण डोंगरच होता. डॉक्टर मुलीला आतल्या शांत खोलीत घेऊन गेल्या. तिथे एक खेळ असतो: आवाज आला की रंगीत कडी खुंटीवर टाकायची. आम्ही काचेबाहेर उभ्या होतो. आवाज आम्हाला ऐकू येत नव्हता. फक्त मुलीचा हात दिसत होता. बराच वेळ कडी तिने छातीशी धरून ठेवली. वहिनींनी माझे मनगट पकडले. मग कडी खुंटीवर पडली. पुन्हा पडली. मधे एकदा ती वाट बघत थांबली, आणि आवाज नसताना कडी टाकली नाही. माझ्यातल्या संशोधकाला सर्वांत मोठा पुरावा तोच वाटला. आवाज लहान लहान होत गेले असणार, कारण डॉक्टरांचे बोट यंत्रावर खाली खाली सरकत होते, आणि कड्या पडत होत्या.

बाहेर येऊन डॉक्टर म्हणाल्या, "ऐकणं वयाच्या मानानं ठीक आहे. नसेची काळजी मनातून काढा. नळी नको, ऑपरेशन नको. थंडीत सर्दी होईल तेव्हा लक्ष ठेवा. भाषा मागे आहे, ती भरून निघेल; भरपूर बोला तिच्याशी."

वहिनींनी मान हलवली. जिन्यात आल्यावर त्या एका पायरीवर बसल्या, पदर तोंडाला लावला आणि रडल्या, आणि मग स्वतःच म्हणाल्या, "चला, लोकांना वाटेल काही वाईट झालं." समोरच्या दुकानात आम्ही लोचो, चणाडाळीचा वाफवलेला सुरती पदार्थ, खाल्ला. त्यांनी दोन प्लेट खाल्ल्या; कितीतरी महिन्यांत मी त्यांना पोटभर खाताना पाहिले नव्हते.

परतताना रिक्षा उधन्याच्या अलीकडे अडकली. समोर एक ट्रक मागे घेत होते आणि त्याचा भोंगा सूर काढत होता. मुलगी वहिनींच्या मांडीवर, पाठ आमच्याकडे करून, बाहेर बघत होती.

"ते काय?" ती म्हणाली.

"ट्रक," वहिनी तिच्या पाठीमागून म्हणाल्या. साध्या आवाजात.

"ट्रक," ती म्हणाली. मग कोणाच्या तरी दुकानाचे शटर खाली आले. "ते काय?"

"शटर."

"ते काय?"

"कुत्रा भुंकतोय."

"ते काय?"

या वेळी मला काहीच ऐकू आले नाही. वहिनींनीही कान दिला. रिक्षावाला आरशातून बघत होता. अखेर त्यानेच ओळखले: त्याच्या खिशातला मोबाइल नुसता थरथरत होता.

"बेन," तो हसत म्हणाला, "आ छोकरीना कान तो बहु तेज छे."

वहिनी ओठ आवळून हसल्या. भेस्तान यायला अजून अर्धा तास होता, आणि पोरीने पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडले होते.